घाम पुसायचा नाही!

घाम पुसायचा नाही, असा दंडक घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही नागपुरात. दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. पण ज्या गावात चैत्र लागला की गळ्यात दुपट्टा घेतल्याशिवाय कोणी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि त्या दुपट्ट्याचं एक टोक डोकं झाकायला नि दुसरं तोंड पुसायलाच असतं, तिथे हा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडायचा, "हात खाली! पुसायचं नाही! वाळू द्या!"

आम्ही तेव्हा व्यायामशिक्षक होण्यासाठी एका कॉलेजात शिकत होतो. सत्तरच्या दशकातले दिवस. वर्गात निम्मे पोट्टे कुस्तीचे, निम्मे कबड्डीचे, आणि अभ्यासाचा कोणीच नाही. आम्हाला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं खरं नाव सूचनाफलकावर लिहिलेलं असायचं. पण आम्ही त्यांना ओले सर म्हणायचो, आमच्या आधीची तुकडीही तेच म्हणायची, आणि माझी खात्री आहे की प्राचार्यही मनातल्या मनात तेच म्हणत असावेत. कारण होळीपासून दसऱ्यापर्यंत सर सदैव ओले असायचे. सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळलेली एक सुरई बांधलेली. रस्त्यात नळ दिसला की सर उतरणार, सुरई भरणार, ओंजळभर पाणी सदऱ्यावर मारणार आणि पुढे जाणार. वर्गात शिकवता शिकवता मध्येच सुरई उचलायचे. आम्हाला वाटायचं आता पिणार. तर हा माणूस ती मानेवरून पाठीवर ओतायचा आणि "हं, तर मूत्रपिंडाचं कार्य," म्हणून पुढे सुरू. खडू ओला, डस्टर ओलं, टेबलाखाली चिखल. पहिल्या बाकावर बसणारे स्वतःच्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत.

दिसायलाही सर वेगळेच. डोक्यावर केस इतके विरळ की त्यांना न्हाव्याकडे जाताना कोणी पाहिलं नव्हतं. दात मोजके, तेही टोकदार. डब्यात रोज भाकरी दुधात कुस्करलेली. वय तेव्हा चाळिशीचं असेल, पण आम्ही साठीचं समजत होतो. व्यायामाच्या कॉलेजात असा माणूस शिकवायला ठेवलाय म्हणजे कुणाचा तरी वशिला असणार, असं आमचं एकमत होतं. सर स्वतः दहा पावलंही धावत नसत. उन्हात मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर कडुनिंबाच्या सावल्या धरत धरत, लांबचा वळसा घेऊन जायचे.

पण शिकवायला लागले की कोणी डुलकी काढत नसे. निदान मी तरी नाही.

"आपलं शरीर म्हणजे एक तापलेलं घर समजा," ते म्हणायचे. "पळालात की आत चूल पेटते. ही उष्णता बाहेर काढायला घराला तीन दरवाजे. पहिल्यातून ती अंगाला लागणाऱ्या हवेत जाते. दुसऱ्यातून आजूबाजूच्या भिंतींकडे, आभाळाकडे फेकली जाते. आणि तिसरा दरवाजा घामाचा. पुण्याला तिन्ही दरवाजे चालतात. म्हणून पुण्याची माणसं सुखी. पण आपल्या नागपुरात मे महिन्यात हवाच अंगापेक्षा गरम. पहिले दोन दरवाजे उलटे उघडतात. बाहेरची उष्णताच आत येते. मग उरलं काय?"

"कूलर!" मागून कोणीतरी बोलायचं.

"घाम रे गाढवा, घाम! तोही अंगावर वाळला तर. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. टपकला तर वाया. पुसला तर वाया. तुम्ही लोक काय करता? शरीराने एवढी मेहनत करून कातडीवर पाणी आणून ठेवलं, आणि तुम्ही ते दुपट्ट्याला पाजता!"

माझी आई मला काटोलच्या घरून निघताना खिशात कांदा द्यायची, उन्हाची लू लागू नये म्हणून. आमच्याकडे सगळ्याच आया देतात. एकदा कवायतीत तो कांदा खिशातून घरंगळत थेट सरांच्या पायाशी गेला. सरांनी उचलला, सोलून पाहिला, परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "कांद्याले काही झालं नाही गा. तुयं काय झालं ते पाहू." आणि माझ्या पाठीवरून एक बोट फिरवून ते बोट उन्हात धरून बघत उभे राहिले. एखादा सराफ बघेल तसं.

इथे मला माझ्याबद्दल एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. मला घाम फार. फार म्हणजे अतोनात. परीक्षेत माझी उत्तरपत्रिका मनगटाखाली विरघळायची. काटोलला बहिणीच्या लग्नात मी व्याह्यांशी हात मिळवला तर त्यांनी सगळ्यांदेखत तो धोतराला पुसला होता. वर्गात मला 'पाणीपुरवठा' म्हणत. मी खिशात दोन-दोन रुमाल ठेवायचो आणि चोरून पुसायचो. सरांनी मला तीनदा पकडलं. तिसऱ्यांदा दोन्ही रुमाल जप्त केले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हा या वर्गातला सगळ्यात श्रीमंत माणूस आहे, आणि हा दोन रुमालांनी आपली श्रीमंती फेकून देतो." पोट्टे खो खो हसले. मला वाटलं सर माझी टिंगल करताहेत. मी आठवडाभर त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

कॉलेजमागे एक लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. तिथला मोठा तराजू सरांची प्रयोगशाळा. आम्हाला लंगोटावर तराजूत बसवायचे, दुसऱ्या पारड्यात वजनं. मग मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि परत तराजूत. मधे पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही, आणि अर्थातच पुसायचं नाही. जेवढं वजन कमी तेवढा घाम गेला, असा हिशेब. सगळ्यात जास्त घट नेहमी माझी. सर वहीत लिहून घ्यायचे आणि मान हलवून म्हणायचे, "वा! काय माणूस आहे!" मग मात्र आपल्या हाताने मला तेवढं पाणी पाजायचे, चिमूटभर मीठ घालून, घोट घोट. आमचे खेळाचे सर याच्या अगदी उलट. त्यांचा नियम असा की धावताना पाण्याला शिवायचं नाही, पाणी प्यायलं की माणूस बाद. त्यांच्या या नियमावर अख्खं कॉलेज चालायचं, कारण त्यांच्या हातात शिट्टी होती आणि ओल्या सरांच्या हातात सुरई.

टालवाला रोज तो तमाशा बघायचा. एक दिवस त्याने विचारलं, "सर, पोट्ट्यायले तोलून राहिले रोज. तुमी काहून नाही बसत गा एखाद्या दिवशी?"

"माह्या वजनात काय पाहतं?" सर म्हणाले. "सकाळी जेवढं, तेवढंच संध्याकाळी."

टालवाला हसला, आम्हीही हसलो. सरही हसले, पण वही मात्र लगेच बंद केली.

त्यांचा दुसरा प्रयोग हळदीचा. पाण्यात हळद आणि चुन्याची निवळी मिसळली की ते कुंकवासारखं लाल होतं, हे आमच्या आयांना ठाऊक होतं. सर ते लाल पाणी दोन बाटल्यांत भरायचे आणि प्रत्येकीत पपईच्या पानाचा पोकळ देठ खुपसायचे. चुना मैदानावर रेषा मारायचा. तो चोरतात म्हणून माळी त्यांच्यावर कायम खार खाऊन असायचा. एका पोट्ट्याला बाकावर बसवून ठेवायचं, दुसऱ्याला जिना चढून गच्चीपर्यंत तीनदा पळवायचं, आणि मग दोघांनी देठातून बाटलीत फुंकायचं. पळून आलेल्याची बाटली बघता बघता पिवळी. बसलेला बिचारा गाल फुगवून फुंकतोय, फुंकतोय, आणि त्याची अजून लालच. उमरेडचा एक पैलवान फुंकायच्या ऐवजी ओढून बसला. तोंड आलं त्याचं, दोन दिवस दूधभातावर होता.

"पाहा," सर म्हणायचे, "पळताना मांड्यांत आम्ल तयार होतं. तसंच राहिलं तर रक्त आंबट होईल, आणि रक्ताला एवढासाही आंबटपणा सोसत नाही. म्हणून रक्तात सोडा ठेवलेला आहे. सोडा आणि आम्ल भेटले की काय होतं? फसफस. तो वायू फुफ्फुसं बाहेर फेकतात. त्यानेच तुमची बाटली पिवळी केली. तुम्हाला वाटतं धाप हवा आत घ्यायला लागते. अर्धी धाप बाहेर टाकायला असते, लेकहो! पळणं थांबलं तरी धाप लगेच थांबत नाही. पंगत उठली तरी उष्टी काढायची असतातच."

"अन् मूत्रपिंड, सर?"

"ते सरकारी खातं. काम पक्कं करतं, पण आज अर्ज दिला तर परवा सही."

एका रविवारी मी टालीवरची वही पोचवायला त्यांच्या घरी गेलो. मे महिना. सर अंगणात, कडुनिंबाखाली, मोठ्या गंगाळात गळ्यापर्यंत पाण्यात बसून वर्तमानपत्र वाचत होते. काकूंनी मला पन्हं दिलं. मला हसू आवरेना हे पाहून त्या म्हणाल्या, "हास बापा, हास. मी बी हासली होती. लगन करून आली थंडीत, तवा वाटलं नवरा माणूस हाये. उन्हाळा लागला अन् समजलं, म्हैस हाये."

"म्हैस शहाणी असते," सर पेपराआडून म्हणाले. "तिला आपलं कातडं कळतं."

मला हा विनोद वाटला. परतताना मी तो तिघांना सांगितला. म्हशीला घाम जेमतेम येतो म्हणून ती पाण्यात बसते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण शिकलेलं डोक्यात एका कोपऱ्यात आणि डोळ्यांसमोरचा माणूस दुसऱ्या कोपऱ्यात, अशी माझी तेव्हाची अवस्था होती.

आता त्या दिवसाकडे येतो. ते सांगायचं म्हणूनच एवढं पाल्हाळ लावलं.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्यातली मुख्य चाचणी म्हणजे मैदानाच्या बारा फेऱ्या, ठरलेल्या वेळात. आदल्या वर्षी पाय मुरगळल्यामुळे मी त्यात नापास झालो होतो. काटोलच्या आमच्या शाळेत व्यायामशिक्षकाची जागा रिकामी होती आणि मुख्याध्यापकांनी वडिलांना शब्द दिला होता, की जूनपर्यंत जागा धरून ठेवतो, पोरगा पास होऊन येऊ द्या. जून गेला की जागा गेली. घरात माझ्या पाठीवर दोन भाऊ होते आणि वडिलांची दमा झालेली छाती होती. त्या बारा फेऱ्यांवर माझं सगळं अडलेलं होतं, आणि हे सरांना मी स्वतः सांगितलं होतं.

चाचणी सकाळी सहाची. बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. त्यांची गाडी पाच तास उशिरा आली. साहेब उतरले, चहा प्यायले, आणि संध्याकाळी परतीची गाडी आहे म्हणाले. झालं! भर बाराला आम्हाला रांगेत उभं केलं. वर नियम असा, की परीक्षेला पूर्ण गणवेश हवा. आमचा गणवेश म्हणजे जाड निळ्या कापडाची पूर्ण बाह्यांची बंडी आणि पायघोळ विजार, थंडीतल्या संचलनासाठी शिवलेली. कोणाच्या मनातही आलं नाही की आज ती नको. परीक्षक पाहुणे, पाहुण्यासमोर कॉलेजची शोभा राहिली पाहिजे!

एकटे ओले सर प्राचार्यांकडे गेले. "उद्या सकाळी घ्या. नाहीतर निदान बंड्या तरी काढू द्या, पाणी तरी द्या."

प्राचार्य पाहुण्यांसमोर हसून म्हणाले, "सर, तुम्ही तुमची सुरई सांभाळा."

खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली.

पहिल्या सहा फेऱ्या मला उत्तम आठवतात. बंडी आतून चिंब, अंगाला चिकटलेली. त्या कापडातून काही वाळणं शक्यच नव्हतं, पण तेव्हा मला त्याचं काय! मी तिसरा होतो आणि घड्याळाच्या पुढे होतो. सातव्या फेरीत डोकं ठणकायला लागलं. आठवीत पुढचे दोघे मला चौघे दिसू लागले. आणि नववीत फार छान वाटायला लागलं. अंगावर शहारा आला. मला वाटलं ढग आले, ऊन उतरलं. आता बारा काय, वीस मारू.

दहाव्या फेरीच्या वळणावर ओले सर माझ्याकडे धावत आले.

मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. सावली सोडून, मैदान आडवं कापत, एका हातात सुरई धरून, सदरा फडफडत ते आले आणि माझ्या मानेवरून त्यांनी बोट फिरवलं. ते बोट पाहिलं.

"थांब! कोरडा झाला तू. थांब बे!"

"दोनच राहिल्या, सर!"

"तुया घाम बंद झाला! थांब म्हणतो नं!"

त्यांनी माझा दंड धरला. मी झटकला. मी म्हणालो, "तुमाले धावता येत नाही म्हणून दुसऱ्याले काहून अडवून राहिले? सोडा! माही नोकरी हाये!" आणि मी त्यांना ढकललं. त्यांनी पडता पडता माझी बंडी धरली, आम्ही दोघे मुरुमावर आडवे झालो, आणि सर माझ्या छातीवर बसले. त्यांनी ती बंडी फाडली. सगळी सुरई माझ्या अंगावर रिकामी केली. गळ्यातला ओला दुपट्टा काढून माझ्या डोक्याला गुंडाळला.

चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. "गरम-सर्द होईल! तापल्या अंगावर पाणी टाकू नका! घोंगडं आणा, घोंगडं!" खरंच एकाने घोंगडं आणलं. सरांनी ते हिसकून लांब फेकलं. "पाणी आणा! बादल्या आणा! अन् प्राचार्यांच्या खिडकीची वाळ्याची ताटी उपटून आणा!" ती ताटी म्हणजे पंखा सोडला तर कॉलेजातली एकमेव गारव्याची वस्तू. शिपायाने दिवसातून चारदा तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि प्राचार्यांनी तिच्यामागे बसायचं. उमरेडच्या पैलवानाने ती एका झटक्यात उपटली. मला उचलून सावलीत नेलं, ती ओली ताटी माझ्यावर घातली, आणि सर हजेरीपटाने वारा घालू लागले. "पाणी टाका, वारा घाला! पाणी टाका, वारा घाला! वाळू द्या!"

मी शिव्या देत होतो, असं मला नंतर सांगितलं. मग मी रडत होतो, असंही सांगितलं. मला एवढंच कळत होतं की बाकीचे शेवटच्या फेऱ्या मारताहेत, आणि मी पुन्हा नापास झालो आहे, आणि या वेळी पाय मुरगळलेला नाही. या वेळी एका विक्षिप्त माणसाने मला नापास केलं आहे. मी मनात ठरवलं, की उठलो की आधी याची सुरई फोडणार.

किती वेळ गेला कोण जाणे. डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. डोळे उघडले तर सर अजून वारा घालत होते. सावली माझ्यावर होती आणि ते स्वतः उन्हात उभे. त्यांच्याकडे बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते पटकन उमगेना. मग उमगलं. त्यांचा सदरा कोरडा होता. इतक्या वर्षांत उन्हाळ्यात त्यांचा सदरा मी कोरडा पाहिलाच नव्हता. चेहरा विटेसारखा लाल. बादल्या भरभरून येत होत्या त्या सगळ्या माझ्यावर रिकाम्या होत होत्या, आणि त्यांची सुरई मुरुमावर उलटी पडली होती.

"सर?" मी म्हणालो.

"हजर," सर म्हणाले. मग प्राचार्यांकडे बघून म्हणाले, "अगं, सदरे वाळले का?" आणि माझ्या अंगावरच कोसळले.

सगळे गोंधळले. खेळाचे सर त्यांना वारा घालायला लागले, नुसताच कोरडा, गरम वारा. मी त्यांच्या पाठीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तवा तापावा तशी पाठ. आणि कोरडी. एवढं धावले, माझ्याशी झोंबले, उन्हात उभे राहून राबले, आणि पाठीवर, मानेवर, कपाळावर घामाचा एक थेंब नाही. बोट फिरवून पाहिलं. नाही. टालवाल्याचा तराजू, ती म्हैस, त्या सावल्या, ते नळ, सगळं एकदम माझ्या डोक्यात येऊन आदळलं.

"त्यायच्यावर पाणी टाका!" मी ओरडलो. "माह्यावर नाही, त्यायच्यावर! त्यायले घाम नाही येत!"

ओरडलो असं मला वाटलं. खरं तर घशातून नुसती फुसफुस निघाली आणि शेवटचं वाक्य कोणाला ऐकूच गेलं नाही. पण पैलवानाला पाणी एवढा शब्द कळला. त्याने अख्खी बादली सरांवर उपडी केली.

पुढचा तास आम्ही दोघे प्राचार्यांच्या खोलीत पंख्याखाली, फरशीवर, एकाच ओल्या ताटीखाली शेजारी शेजारी पडलो होतो. डॉक्टर येऊन दोघांना बघून गेले. परीक्षक दाराशी डोकावून गेले. ते पार घाबरलेले होते. खोलीत कोणी नव्हतं तेव्हा सर हळूच म्हणाले, "तुले समजलं नं?"

"हो सर."

"केस, दात अन् घाम. तिन्हीत देवानं माह्या बाबतीत हात आखडला. जन्मापासून आहे. लहानपणी आई विहिरीजवळ बसवून ठेवे." मग म्हणाले, "कोणाले सांगू नको. ज्याले स्वतःले मैदानाची एक फेरी झेपत नाही, तो व्यायामाच्या कॉलेजात काय शिकवते, असं म्हणतील. काढून टाकतील मले."

"नाही सांगत, सर."

"अन् मी तुले नापास केलं."

मी ताटीखाली त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "सर, मी तुमाले ढकललं."

"ढकललं नं," सर म्हणाले. "तरी मी सोडलं काय?"

काटोलची जागा गेली. जुलैत तिथे दुसरा माणूस लागला. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्या वर्षी आमच्या घरी फार ओढ झाली. प्राचार्यांनी माझी फेरपरीक्षा डिसेंबरात ठेवली, सकाळी सातला. परीक्षक दुसरे होते. बंडी मी घातली नाही आणि कोणी घाल म्हणालं नाही. खेळाचे सर स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन वळणावर उभे होते, तोंड दुसरीकडे करून.

नागपूरची डिसेंबरची सकाळ, धुकं, गवतावर दव. ओले सर कडेला उभे होते, कोरडे ठणठणीत, कानटोपी घालून. थंडीत ते चारचौघांसारखेच दिसायचे. त्यांच्या हातात सुरईऐवजी हळदीची बाटली होती, पपईच्या देठासकट. मी बारा फेऱ्या मारल्या. शेवटची मारून थांबलो तेव्हा वेळ शिल्लक होता. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होतो, अंगातून वाफा निघत होत्या, आणि घाम असा की टाळूपासून टाचेपर्यंत धारा. सरांनी बाटली पुढे केली. मी देठातून फुंकलं आणि पाणी तिथल्या तिथे पिवळं झालं. "पास," सर म्हणाले. परीक्षकांनी अजून काही सांगितलं नव्हतं.

सवयीने माझा हात कपाळाकडे गेला.

"हात खाली!"

मी हात खाली घेतला. हनुवटीवर एक थेंब जमत होता, मोठा होत होता. टपकला तर वाया, हे मला पाठ होतं. तो पडायच्या आत सरांनी बोट पुढे केलं, थेंब बोटावर घेतला, आणि आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून कानटोपी वर सरकवून तो स्वतःच्या कपाळावर लावला. डोळे मिटले. डिसेंबरचा वारा होता. तो थेंब वाळेपर्यंत सर तसेच उभे राहिले.

मी धाप आवरून विचारलं, "कसं लागते, सर?"

सरांनी डोळे उघडले. मग हिरमुसल्या चेहऱ्याने म्हणाले, "पाण्यासारखंच लागते गा. मी उगाच इतकी वर्षं जळून राहिलो तुमच्यावर."